यादी बावीस नावांची, सुट्टी चार दिवसांची

वाचकाचे पत्र (सारांश): सांगलीच्या विश्रामबाग भागात राहणाऱ्या, प्राथमिक शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या एका भगिनींचे हे पत्र आहे. त्या कित्येक वर्षे वाचनालयाच्या सभासद आहेत. यंदाच्या दिवाळीत त्यांच्याकडे पुण्याहून धाकट्या जाऊबाई आणि त्यांचा १४ वर्षांचा मुलगा, तर कोल्हापूरहून नणंद, नणंदेचे यजमान आणि त्यांची कॉलेजात शिकणारी मुलगी येणार आहेत. ८४ वर्षांच्या सासूबाई घरीच असतात. धाकटे दीर गेल्या फाल्गुनात वारल्यामुळे यंदा आकाशकंदील, रोषणाई, फटाके काही नाही. "सुट्टीत बघण्या-वाचण्यासारखं काही सुचवा ना," असे भाचीने घरच्या व्हॉट्सॲप गटावर सहज विचारले, तेव्हा या भगिनींनी दोन दिवस खपून १२ पुस्तके आणि १० चित्रपट यांची यादी पाठवली. उत्तरादाखल दोन अंगठे आले. तिसऱ्या दिवशी भाचीने स्वतःच एका वेब मालिकेचे नाव टाकले आणि त्यावर मात्र सगळ्यांचे निरोपांमागून निरोप आले. लोकांना चांगल्याची आवड उरलेलीच नाही का, आपण सुचवणे बंद करावे का, की सुचवण्याचीही काही वेगळी रीत असते, असे त्या विचारतात.

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमची मूळ यादी आणि भाचीचा निरोप, दोन्ही तुम्ही पत्रात जसेच्या तसे उतरवून पाठवलेत, हे फार बरे केलेत. यादी मी सावकाश वाचली. 'ययाती', 'मृत्युंजय', 'कोसला', 'फकिरा', 'बनगरवाडी', आणि चित्रपटांत 'सिंहासन', 'श्वास', 'किल्ला', 'एलिझाबेथ एकादशी', 'दो आँखें बारह हाथ'. त्यातले एकही नाव खोडावे असे मला वाटले नाही. जुन्या वह्या काढून, आठवून-आठवून केलेले काम दोन अंगठ्यांवर संपले, तर मन खट्टू होणारच, आणि तसे ते झाले हे तुम्ही मोकळेपणाने लिहिलेत, याबद्दल मला तुमचे कौतुक वाटते.

आता भाचीचा निरोप पुन्हा एकदा वाचा. "आठच भाग आहेत, अर्ध्या-अर्ध्या तासाचे. लक्ष्मीपूजन आटपलं की सगळे मिळून बघू. मामीच्या चकल्या पाहिजेतच." या तीन वाक्यांत मालिकेच्या दर्जाविषयी एक अक्षर नाही. ती चांगली आहे, गाजलेली आहे, बघायलाच हवी, असे ती मुलगी कुठेही म्हणत नाही. किती वेळ लागेल, केव्हा बघायची, कोणाबरोबर बघायची आणि बघताना समोर ताटात काय असेल, एवढेच तिने सांगितले आहे. तुमच्या यादीत 'मृत्युंजय'च्या पुढे 'अवश्य वाचावे' असे लिहिलेले आहे. ते खरेच आहे, पण सातशेहून अधिक पानांची ती कादंबरी चार दिवसांसाठी आलेल्या पाहुण्याने नेमकी कोणत्या दुपारी हातात घ्यावी, याचे उत्तर त्या दोन शब्दांत नाही. म्हणून घरच्यांनी तुमची आवड नाकारून भाचीची स्वीकारली, हा तुमचा निष्कर्ष मला पटत नाही. त्यांनी एकत्र बसण्याचे आमंत्रण स्वीकारले. तसे आमंत्रण तुमच्याकडून गेले असते, तर त्याही निरोपाला अशीच उत्तरे आली असती, असे मला मनापासून वाटते.

माझी एक आत्या वाईला राहत असे. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही साताऱ्याहून तिच्याकडे जात असू, आणि तिसऱ्या दिवशी जेवणे झाली की ती प्रत्येकाला एकेक पुस्तक देई. कपाट उघडून "घ्या काय हवे ते" असे तिने कधी म्हटले नाही. ती आधी दोन दिवस आमचे बोलणे ऐकून ठेवत असावी, असे आता वाटते. पुस्तकात तिशीच्या आसपासच्या पानात एसटीचे जुने तिकीट खोचलेले असे, वाहकाने चिमट्याने टोचल्यामुळे बारीक भोके पडलेले, कडा मऊ झालेले. "या तिकिटापर्यंत वाच," ती म्हणे, "नाही गोडी लागली तर परत आणून दे, मी काही विचारणार नाही." आणि ती खरोखरच विचारत नसे. पुस्तक परत घेताना तिच्या चेहऱ्यावर नाराजीची रेघही उमटत नसे, ती फक्त तिकीट काढून दुसऱ्या पुस्तकात खोची. मी परत केलेली दोन पुस्तके पुढे कॉलेजात असताना स्वतःहून मागून नेली, ती केवळ परत करणे इतके सोपे होते म्हणून.

सुचवण्याची वेगळी रीत असते का, असे तुम्ही विचारले आहे. मला ठाऊक असलेली रीत ही एवढीच आहे. एका माणसाला एकच नाव द्यावे, ते त्यालाच का दिले हे एका वाक्यात सांगावे, कुठपर्यंत वाचून वा बघून सोडले तरी चालेल हे आधीच सांगावे, आणि मग खरोखर विचारू नये. बावीस नावे गटावर टाकली की ती कोणालाच दिलेली नसतात. वाचणाऱ्याला त्यात आपला चेहरा दिसत नाही, दिसते ती फक्त सुचवणाऱ्याची आयुष्यभराची पुंजी, आणि तिच्यापुढे माणूस दबून जातो. ती यादी मोडीत काढू नका. वहीत नीट उतरवून ठेवा, प्रत्येक नावापुढे ते पुस्तक कधी, कोणाच्या सांगण्यावरून वाचले हेही लिहा. पण या दिवाळीसाठी तिच्यातून फार तर चार-पाच नावे बाहेर काढा.

पत्रात एके ठिकाणी तुम्ही लिहिले आहे की, सुट्टीचा वेळ 'टाइमपास'मध्ये जाऊ नये, म्हणून तुम्ही हलकीफुलकी नावे मुद्दाम टाळलीत. इथे मात्र थोडे थांबावेसे वाटते. दिवाळीच्या वाचनाची आपली परंपरा शुद्ध गंभीर कधीच नव्हती. 'मनोरंजन' मासिकाचे संपादक काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली पहिला दिवाळी अंक काढला, त्याला आता शंभराहून अधिक वर्षे झाली. या सगळ्या काळात मराठी माणसाने एकाच अंकात वैचारिक लेख, विनोदी कथा, कविता, व्यंगचित्रे आणि राशिभविष्य हे सगळे एकमेकांच्या मांडीला मांडी लावून बसलेले पाहिले आहे. घरातला एकजण भविष्यापासून सुरुवात करी, दुसरा व्यंगचित्रांपासून, आणि तिसऱ्या दिवशी तोच अंक उघडा टाकून कोणीतरी दीर्घकथेत बुडालेले असे. थकलेल्या माणसाला आधी हसावेसे वाटते, आणि त्यात त्याच्या अभिरुचीचा काही दोष नाही. 'अशी ही बनवाबनवी' १९८८ साली आला. आज तो पुन्हा लावला तर पात्रांच्या आधी घरातली माणसेच संवाद म्हणतात. तुमच्या घरात यंदा रोषणाई नाही, मोठ्याने हसणे बरोबर दिसेल का असाही एक संकोच असेल, पण त्या तीन तासांत जाऊबाईंना कोणाशी काही बोलावे लागणार नाही आणि तरीही त्या सगळ्यांमध्ये बसलेल्या असतील. ही सोय मोठी आहे. दिवाळी अंकांसाठी अनेक वाचनालये वेगळी वर्गणी घेऊन योजना चालवतात. तुमच्या वाचनालयात ती असेल, तर यंदा स्वतःच्या आवडीचा एक आणि तुम्ही एरवी हातात धरणार नाही असा एक विनोदी अंक, असे दोन घरी आणा आणि दिवाणखान्यात नुसते पडू द्या.

शिवाय जे मौल्यवान ते जडच असते, हेही खरे नाही. तुमच्याच यादीत त्याचा पुरावा आहे. वाळवा तालुक्यातल्या वाटेगावच्या अण्णा भाऊ साठे यांची 'फकिरा' १९५९ साली प्रसिद्ध झाली. ती बाबासाहेब आंबेडकरांच्या झुंजार लेखणीला अर्पण केलेली आहे, हे तुम्ही यादीत आवर्जून लिहिले आहे. ते महत्त्वाचेच आहे, पण जत्रेचा मान देणारी जोगणी दुसऱ्या गावाहून पळवून आणण्याच्या प्रसंगापासून ती कादंबरी वाचणाऱ्याला जी धरते ती सोडत नाही, हे तुम्ही लिहिलेले नाही. वीस वर्षांच्या भाचीला हेच आधी सांगायला हवे. "तुझ्या मालिकेचे आठ भाग संपले की ही घे, एका दिवसात होते, आणि यातले वारणेचे खोरे आपल्याच जिल्ह्यातले आहे," इतके म्हणून पुस्तक तिच्या पिशवीजवळ ठेवा.

'ययाती'विषयी तुमचा जीव किती गुंतलेला आहे, हे पत्रातल्या दीड पानावरून कळते. वि. स. खांडेकरांचा जन्म १८९८ साली सांगलीतलाच, आणि मराठीला पहिले ज्ञानपीठ, १९७४ सालचे, मिळाले ते त्यांच्यामुळे. सांगलीकराला हा अभिमान असावाच. मात्र अभिमान हा सुचवणाऱ्याचा असतो, वाचणाऱ्याला तो हस्तांतरित करता येत नाही. भाचीला ही कादंबरी वाचावीशी वाटावी असे तुम्हाला वाटत असेल, तर ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा आपापली बाजू स्वतःच्या तोंडाने सांगतात, ही तिची रचना तिला समजावून द्या, आणि शर्मिष्ठेच्या निवेदनातली दोन पाने रात्री अंथरुणे घालताना तिला वाचून दाखवा. पुढचे तिच्यावर सोडा.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे उत्तर लिहायला बसले, तिच्याकडे येते. तुमच्या सहा पानी पत्रात धाकट्या दिरांच्या जाण्याचा उल्लेख एका ओळीत आहे, आणि तोही यंदा रोषणाई का नाही हे सांगण्यापुरता. जाऊबाईंनी तुमच्या यादीवर अंगठासुद्धा उमटवला नाही, हे मात्र तुम्ही दोनदा लिहिले आहे. या दोन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवून पाहाव्यात, अशी माझी विनंती आहे.

मला एक प्रसंग इथे सांगितला पाहिजे. 'श्वास' २००४ साली आला, त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, ऑस्करसाठी भारताची अधिकृत प्रवेशिका म्हणूनही तो गेला. मी तो पाहून भारावून गेले होते आणि भेटेल त्याला तो बघायला सांगत होते. माझ्या एका मैत्रिणीलाही मी तसेच सांगितले. तिच्या घरी त्या दिवसांत एका लहान मुलाच्या तपासण्या सुरू होत्या, निदान अजून हाती आलेले नव्हते, आणि मला ते ठाऊक होते. 'श्वास'मध्ये आजोबा नातवाला डॉक्टरांकडे घेऊन येतात आणि त्याच्या डोळ्यांना कर्करोग असल्याचे कळते. जीव वाचवायचा तर दृष्टी जाणार असते. हे मी तिला सांगितले नाही, कारण चित्रपटाची गोष्ट आधी फोडू नये, हा माझा नियम होता. ती मध्यंतरात चित्रपटगृहाबाहेर पडली. त्या रात्री तिने फोन केला आणि मला काहीही बोल लावला नाही, फक्त "तू मला आधी सांगायला हवं होतंस," एवढेच म्हणाली. तो नियम मी त्या दिवसापासून सोडला. चित्रपटात मृत्यू आहे का, आजारपण आहे का, मूल पोरके होते का, हे ज्याला लागू शकते त्याला आधी सांगायचेच. त्याने गोष्टीची जी गंमत कमी होते ती होऊ द्यावी.

तुमच्या दहा चित्रपटांपैकी 'किल्ला' हा वडील गेलेल्या एका मुलाचा चित्रपट आहे. आईची बदली झाल्यामुळे तो पुण्याहून कोकणात येतो. 'एलिझाबेथ एकादशी'तली सायकल त्या मुलांच्या दिवंगत वडिलांनी स्वतःच्या हातांनी बनवलेली असते. तुमचा पुतण्या १४ वर्षांचा आहे, पुण्याचा आहे, आणि त्याचे वडील जाऊन वर्ष व्हायचे आहे. जाऊबाईंना हे दोन्ही चित्रपट माहीत असण्याची शक्यता पुष्कळ आहे. ती यादी वाचून त्या गप्प बसल्या असतील, तर ते दुर्लक्ष नव्हते. तुमचा हेतू चांगला होता हे त्यांनाही ठाऊक असणार, आणि म्हणूनच काय लिहावे ते त्यांना सुचले नसेल.

हे दोन चित्रपट यादीतून काढून टाका असे मी म्हणत नाही. दोन्ही अतिशय हळुवार आहेत, आणि आपल्यासारखेच कोणीतरी पडद्यावर पाहून मुलाला मोकळे वाटू शकते. 'एलिझाबेथ एकादशी' घडतो तोही पंढरपूरच्या कार्तिकीच्या यात्रेत, म्हणजे दिवाळी उरकल्यावर लगेच येणाऱ्या दिवसांत. पण तो निर्णय मुलाच्या आईचा आहे. त्यांना गटावर नव्हे, फोन करून, त्या एकट्या असतील अशा वेळी विचारा. मी असे विचारले असते: "यादी पाठवताना माझ्या लक्षात आलं नाही, मला माफ कर. हे दोन सिनेमे असे-असे आहेत. त्याच्यासोबत बघावेत, नंतर कधी बघावेत, की नकोच, तू सांगशील तसं." त्या "नको" म्हणाल्या तर विषय तिथेच सोडा. "बघू या" म्हणाल्या तर दिवाणखान्यात सगळ्यांच्या देखत न बघता, तुम्ही तिघांनीच आतल्या खोलीत बघा. आणि फोन केलाच आहे, तर जाऊबाईंना स्वतःला काय हवे आहे हेही विचारा. कदाचित त्यांना काहीच बघायचे नसेल, दुपारभर झोपायचे असेल. फाल्गुनापासून कागदपत्रे, बँका आणि मुलाची शाळा एकटीने सांभाळलेल्या बाईला तो हक्क आहे, आणि तो तुम्ही त्यांना मिळवून देऊ शकता.

पुतण्यासाठी मी दुसरे एक नाव सुचवते. तो इंग्रजी माध्यमात शिकतो आणि मराठी सावकाश वाचतो, असे तुम्ही लिहिले आहे. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे त्याच्या हाती द्या. फुरसुंगीचा बनेश फेणे, पुण्याच्या विद्याभवनात शिकणारा, आणि तोंडात कायम 'ट्टॉक'. पुस्तके लहान आहेत, प्रकरणे छोटी आहेत, आणि पुण्याच्या मुलाला त्यातले रस्ते ओळखीचे वाटतील. त्याच नावाचा चित्रपट २०१७ मध्ये आला, पण त्यातला फेणे मोठा झालेला आहे आणि कथा एका विद्यार्थ्याच्या मृत्यूभोवती फिरते, म्हणून यंदा पुस्तकच बरे. एक विनंती मात्र आहे. तुम्ही उत्तम शिक्षिका असणार, म्हणूनच सांगते, त्याने वाचलेल्या पानावर प्रश्न विचारू नका आणि अडलेल्या शब्दाचा अर्थ तो विचारेपर्यंत सांगू नका. त्याने अर्ध्यावर पुस्तक ठेवून मोबाईल घेतला, तरी पुस्तक उचलून कपाटात ठेवू नका.

सासूबाईंचे नाव तुमच्या यादीत कुठेच नाही. त्यांना दिसत कमी आहे, त्यामुळे त्या वाचत नाहीत, असे तुम्ही लिहून पुढे गेला आहात. पण त्यांचे माहेर आटपाडीकडचे आहे, हे त्याच परिच्छेदात आहे, आणि ते वाचून मला फार आनंद झाला. व्यंकटेश माडगूळकरांची 'माणदेशी माणसं' १९४९ साली आली. त्यातले एक व्यक्तिचित्र मोठ्याने वाचून व्हायला दहा-पंधरा मिनिटे पुरतात. शाळकरी पोराचे 'झेल्या' आधी तुम्ही एकट्याने वाचून पाहा आणि मग दुपारच्या चहानंतर सासूबाईंच्या खाटेशी बसून वाचा. पुतण्या त्याच खोलीत असेल तर उत्तम, त्याला मुद्दाम बोलावू मात्र नका. त्या भाषेतले जे शब्द तुम्हालाही अडतील, ते सासूबाई सांगतील. घरातल्या वडीलधाऱ्या माणसाकडे इतरांनी अर्थ विचारायला जावे, असे प्रसंग आता फार कमी येतात.

'बनगरवाडी'ही याच मुलखाची. जेमतेम दीडशे पानांच्या आतली ही कादंबरी १९५५ साली आली आणि अमोल पालेकरांनी १९९५ मध्ये तिच्यावर चित्रपट केला. धनगरवाडीत नेमणूक झालेला कोवळ्या वयाचा मास्तर, औंध संस्थानातला काळ, गावाने मिळून उभारलेली तालीम, आणि मग पडलेला दुष्काळ. चार दिवसांत पुस्तक आणि चित्रपट दोन्ही होण्यासारखे तुमच्या यादीत हे एकच नाव आहे. माझ्यावर निवड सोपवली असती, तर मोठ्यांसाठी मी हे एकच पाठवले असते.

'दो आँखें बारह हाथ' तुम्ही शेवटच्या क्रमांकावर टाकलात आणि पुढे 'हिंदी' एवढेच लिहिलेत. सासूबाईंना सांगा की या गोष्टीचे मूळ त्यांच्या माहेरच्या मातीत आहे. औंध संस्थानाने १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत सुरू केली, भिंती आणि बेड्यांशिवाय. त्या प्रयोगावरून ग. दि. माडगूळकरांनी कथा लिहिली आणि व्ही. शांताराम यांनी १९५७ साली चित्रपट केला. बैलाशी झुंजीच्या प्रसंगाचे चित्रीकरण करताना शांतारामबापूंच्या डोळ्यांना गंभीर दुखापत झाली होती. बर्लिनच्या महोत्सवात या चित्रपटाचा गौरव झाला. "आजी, तुम्ही स्वतंत्रपूर पाहिलं होतं का?" असा एक प्रश्न पुतण्याने विचारला, तर चित्रपट सुरू व्हायला अर्धा तास उशीर होईल, तो होऊ द्या. मात्र शेवटी त्यातल्या जेलरचा मृत्यू होतो. तेही जाऊबाईंना त्याच फोनवर सांगून ठेवा.

नणंदेच्या यजमानांना दिवसभर बातम्याच लागतात, अशी तुमची तक्रार आहे. 'सिंहासन' त्यांच्यासाठीच आहे. अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्यांवरून विजय तेंडुलकरांनी लिहिलेला, जब्बार पटेलांनी १९७९ साली केलेला. "यातली कोणती माणसं आज ओळखू येतात ते सांगा," एवढे म्हणा, ते बातम्या बंद करतील.

व्यवस्थेचे थोडे. कोणता चित्रपट कोणत्या ॲपवर आहे हे सतत बदलत असते, म्हणून आदल्या रात्रीच शोधून, पाच मिनिटे लावून, आवाज नीट येतो का ते पाहून ठेवा. सगळे पंगतीने बसलेले आणि एकजण रिमोटवर एकेक अक्षर शोधतो आहे, अशी दहा मिनिटे गेली की पहिला माणूस उठतो आणि मग एकेक करून सगळेच उठतात. इंग्रजी उपशीर्षके असतील तर पुतण्यासाठी निःसंकोच सुरू ठेवा. रात्री दहानंतर नवा चित्रपट सुरू करू नका, सासूबाईंना जागरण होईल आणि मोठी माणसे बसल्याजागी पेंगतील. दुपारी साडेतीन ही वेळ मला सगळ्यात सोयीची वाटते. एका दिवसाला एकच, आणि एक दिवस पूर्ण रिकामा.

त्या रिकाम्या दिवशी, भाऊबीज झाल्यावर, शक्य असेल तर सगळ्यांना घेऊन आमच्या साताऱ्याकडे या. पाचगणी आणि महाबळेश्वर यांच्यामधले भिलार हे स्ट्रॉबेरीचे गाव ४ मे २०१७ पासून 'पुस्तकांचे गाव' म्हणून ओळखले जाते. तिथे लोकांच्या घरांतून, ओसऱ्यांतून विषयवार पुस्तके ठेवलेली आहेत. आत जावे, पुस्तक काढावे, खिडकीशी बसावे. तिथे तुम्ही पुतण्याला काहीच सुचवू नका. तो कोणत्या घरात थांबतो, कोणते पुस्तक उचलतो, हे लांबून पाहा, पुढच्या सुट्टीत काय द्यायचे ते त्यावरूनच कळेल. दिवाळीच्या सुट्टीत पसरणी घाटात वाहनांची रांग लागते, म्हणून सांगलीहून पहाटेच निघा.

तुम्ही सुचवणे बंद करू नका. मात्र लक्ष्मीपूजनाच्या रात्री भाचीची मालिका तिच्या शेजारी बसून पहिल्या भागापासून बघा, आणि आवडली तर तसे तिला सांगा, नाही आवडली तरी का ते सांगा. आणि तिथेच तिला म्हणा, "आता आणखी एक सुचव, फक्त माझ्यासाठी." तिने काय सुचवले ते मला कळवा.

वाचनालय दिवाळीत काही दिवस बंद असेल, तेव्हा वसुबारसेच्या आधीच एक फेरी मारा. 'माणदेशी माणसं' आणि फास्टर फेणेचे कोणतेही एक पुस्तक, एवढी दोनच आणा. जुनी एसटीची तिकिटे आता मिळणे कठीण, पण खुणेसाठी वाचनालयाच्या पावतीचा तुकडा चालेल.